गुटगुटीत बाळ आणि सुदृढ बाळ

रमजान सुरू झाला की शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावात असरच्या नमाजनंतर रस्त्यावर वेगळीच लगबग दिसते. खजूर, कलिंगड, समोसे, भजी आणि रंगीत सरबताच्या बाटल्या गाड्यांवर मांडल्या जातात. खरेदीला आलेल्या आई-वडिलांच्या बोटाला एखादे पोर असतेच. त्याचा रोजा नसतो, कारण वयात येईपर्यंत मुलांवर रोजा बंधनकारक नाही. तरी मगरिबच्या अजानआधी दस्तरखानावर सर्वांत पुढे तेच बसलेले असते. महिनाभर घरात जे तळले जाते, विकत आणले जाते, त्यातला मोठा वाटा मुलांच्या पोटात जातो. म्हणून मुलांच्या तब्येतीबद्दल बोलायला हा महिना योग्य आहे. अर्थात, हा प्रश्न फक्त रोजेदारांच्या घरचा नाही.

आपल्याकडे मुलाची तब्येत डोळ्यांनी मोजतात. गाल वर आले की ‘बाळसं धरलंय’ म्हणून आजी समाधानी. सुदृढ बालक स्पर्धेतही गुटगुटीत बाळच नजरेत भरायचे. दुष्काळ पाहिलेल्या पिढीला तसे वाटणे स्वाभाविक होते. पण आता हे माप पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्के झाले. त्याच सर्वेक्षणात राज्यातली 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 36 टक्के कमी वजनाची आढळली. एका बाजूला उपासमार संपलेली नाही आणि दुसऱ्या बाजूला चरबी वाढते आहे. जगातही तेच चित्र आहे. युनिसेफच्या 2025 च्या अहवालानुसार 5 ते 19 वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (9.4 टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (9.2 टक्के) जास्त झाले.

ही दोन टोके एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हडकुळी होती, स्नायू कमी होते. पण चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा मुलाला पुढे भरपूर साखर-तेल आणि बैठे आयुष्य मिळाले, तर मधुमेह लवकर गाठतो. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती, हेही याच अभ्यासात दिसले. म्हणजे मुलाच्या लठ्ठपणाची गोष्ट आईच्या ताटापासून सुरू होते. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारी सून हा त्या गोष्टीचा पहिला भाग आहे.

पुढचा भाग गल्लीत घडतो. शिंदखेडा तालुका पावसाच्या भरवशावरचा. कापसाच्या वेचणीला, ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या आईला दुपारी चुलीपाशी थांबता येत नाही. ती पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. त्या पाच रुपयांत शाळेसमोरच्या दुकानात कुरकुरीत पाकीट मिळते. पोट भरल्यासारखे वाटते आणि मिळते ते मीठ, तेल, मैदा. ‘आईने लाडावून ठेवलंय’ असे म्हणणे सोपे आहे. पण संध्याकाळी मोकळे मैदान नसेल, रस्त्यावर गाड्या असतील, मुलगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे बंद झाले असेल, तर मोबाइलशिवाय मुलांना उरते काय? या वयात रोज तासभर घाम येईल असे खेळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तो तास कुठे घालवायचा, याचे उत्तर एकट्या आईकडे नाही.

नियम आहेत. महाराष्ट्राने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. केंद्राच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. हे 50 मीटर पालक आणि शिक्षकांनीच एकदा मोजून पाहावेत. दुसरीकडे, शालेय पोषण आहारात नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधी राज्याने जानेवारी 2025 मध्ये थांबवला. गरिबाच्या ताटातले अंडे महाग आणि पाकीट स्वस्त झाले, की मुलाची तब्येत कुठे जाईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

रमजानमध्ये घराच्या हातात बरेच काही असते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. आयुर्वेदात वाग्भटानेही पोटाचे चार भाग करून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक मोकळा ठेवायला सांगितला. ‘दोन घास कमी खा’ हे आपल्या आज्याही सांगत. 250 मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये सुमारे पाच चमचे, म्हणजे 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मुलांसाठी दिवसभराची वरची मर्यादा तेवढीच सांगितली आहे. मग सरबत आणि शिरखुर्मा वेगळाच. खजूर, शेजारच्या जळगावची केळी, कलिंगड, भिजवलेले हरभरे, ताक, आणि नंतर कळण्याची भाकरी नि भाजी, असे इफ्तार खान्देशात स्वस्तातही होते. तळण आठवड्यातून दोनदा झाले तरी सणाची चव जात नाही. तरावीहनंतर बारापर्यंत जागणाऱ्या मुलांना लवकर झोपवणे हाही तब्येतीचाच भाग आहे.

मूल बारीक आहे की जाड, यावर घरात वाद घालण्यापेक्षा एक धागा घ्यावा. पाच वर्षांपुढच्या मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. जास्त भरला तर चिडवू नये, उपाशी ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावे. त्याहून लहान बाळांचे वजन आणि उंची अंगणवाडीत नियमित नोंदवून घ्यावी.

ईदला मुलांच्या खिशात ईदी येईल आणि त्यातली बरीच दुपारपर्यंत बाटल्या-पाकिटांवर संपेल. चार पोरांनी पैसे जमवून एखादा चेंडू आणि दोरीच्या उड्यांची दोरी घेतली, तर ती वर्षभर पुरेल. ती वापरायला शाळांची मैदाने संध्याकाळी दोन तास सर्वांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, उघडी हवीत. ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि नगरपंचायतीकडे गल्लीने मिळून नेता येईल. मैदानावर धापा टाकणाऱ्या पोरांत कोण रोजेदाराच्या घरचे आणि कोण वारकऱ्याच्या, हे कुणी विचारत नाही.