वापरलेला लहान ट्रॅक्टर : किंमतीपूर्वी सुट्या भागांचा विचार

डहाणू व तलासरी तालुक्यांतील जमीन एका प्रकारची नाही. समुद्रालगत घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या बागा, त्यामागे भाताची खाचरे आणि पूर्वेस डोंगरउताराची वरकस जमीन असे तिचे सर्वसाधारणपणे तीन भाग पडतात. खाचरे लहान, बांध जवळजवळ व शेतात जाण्याच्या वाटा अरुंद असल्यामुळे पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर येथे बहुधा गैरसोयीचा ठरतो. चिकूच्या जुन्या झाडांच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे बागेतही उंच यंत्र फिरू शकत नाही. या कारणाने पंधरा ते सत्तावीस अश्वशक्तीचा, कमी रुंदीचा व ठेंगणा ट्रॅक्टर या भागास सोयीचा आहे.

नव्या यंत्राची किंमत सर्वांनाच झेपते असे नाही. शासनाचे यांत्रिकीकरणाचे अनुदान नव्या व चाचणी झालेल्या यंत्रासाठी असते. वापरलेल्या यंत्राला त्याचा लाभ होत नाही. तरीही कमी भांडवलात काम भागावे म्हणून अनेक शेतकरी वापरलेल्या यंत्राकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र अशा खरेदीत यंत्राची किंमत प्रथम व सुटे भाग नंतर असा क्रम लावला जातो. हा क्रम उलटा असला पाहिजे. ज्या यंत्राचा भाग वेळेवर मिळत नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी महागच पडते.

बाजारात येणारी यंत्रे

परदेशी नावाचे जे लहान ट्रॅक्टर आपल्याकडे विक्रीस येतात, त्यांचे तीन प्रकार ध्यानात घ्यावेत.

पहिला प्रकार परदेशी कंपनीने आपल्या विक्रेत्यांमार्फत या देशात नवे म्हणून विकलेल्या व नंतर पहिल्या मालकाने विकावयास काढलेल्या यंत्रांचा. जपानच्या कुबोटा कंपनीने २००८ साली भारतात आपली कंपनी स्थापन केली आणि २०२२ साली एस्कॉर्ट्स कंपनीचे नाव एस्कॉर्ट्स कुबोटा असे झाले. अशा यंत्राची भागांची यादी भारतातील विक्रेत्याकडे असते.

दुसरा प्रकार परदेशी सहकार्याने या देशातच तयार झालेल्या यंत्रांचा. बंगळूरची व्ही. एस. टी. ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली. मित्सुबिशी या जपानी कंपनीच्या सहकार्याने तिने पॉवर टिलर व पुढे साडेअठरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर बाजारात आणला. अशा यंत्रांचे भाग देशातच मिळतात. तथापि केवळ मोठ्या नावावर विसंबून चालत नाही. झेटर या झेक कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनविणारा एच. एम. टी. चा सरकारी कारखाना नावाजलेला होता; पण २०१६ साली केंद्र शासनाने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद पडला तरी मोठ्या संख्येने खपलेल्या यंत्राचे भाग इतर कारखानदार बनवितात. थोड्या संख्येने खपलेल्या यंत्राच्या मालकाला मात्र तसा आधार राहत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत जोखमीचा आहे. जपानमध्ये तेथील शेतकऱ्यांसाठी तयार झालेले व काही वर्षे वापरलेले ट्रॅक्टर व्यापारी गोळा करतात आणि इतर देशांत पाठवितात. त्यांवरील सूचना जपानी लिपीत असतात. नाव तेच असले तरी परदेशी विक्रीसाठी बनविलेल्या नमुन्याशी त्यांचे भाग जुळतीलच असे नसते. अमेरिकेत अशाच वापरलेल्या कुबोटा ट्रॅक्टरांविषयी वाद झाला. १९९७ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने अशा यंत्रांची आयात रोखली व १९९९ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सूचना परभाषेत असणे तसेच सुटे भाग व दुरुस्तीची सोय यांत फरक असणे या गोष्टींना त्या वादात महत्त्व होते. आपल्या देशातही परदेशात वापरलेले वाहन आणण्यावर केंद्र शासनाच्या आयात धोरणाची बंधने आहेत. म्हणून जपानी अक्षरांची पाटी असलेले यंत्र कोणी दाखविल्यास सीमाशुल्काची कागदपत्रे व येथील नोंदणी पाहिल्याखेरीज किंमतीची बोलणीच करू नयेत.

सुट्या भागांचे दोन वर्ग

ट्रॅक्टरमध्ये शेकडो भाग असले तरी खरेदीच्या दृष्टीने त्यांचे दोन वर्ग पाडता येतात.

पहिल्या वर्गात सर्वत्र एकाच मापाने बनणारे भाग येतात. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, नळ्या, नटबोल्ट व बॅटरी हे भाग या वर्गातील आहेत. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०५ हा क्रमांक असेल तर त्याचे आतील माप २५, बाहेरील ५२ व जाडी १५ मिलिमीटर असते. मग यंत्र जपानी असो वा देशी. ऑइल सीलवरही आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे छापलेली असतात. क्रमांक अथवा माप लिहून नेले असता असा भाग वापीसारख्या औद्योगिक गावी किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळू शकतो. डहाणू रोड स्थानकावरून रेल्वेने जाऊन तो त्याच दिवशी आणता येतो.

दुसऱ्या वर्गात फक्त त्या नमुन्यासाठीच बनविलेले भाग येतात. हेड गॅस्केट, पिस्टन व लायनर, डिझेल पंपाचा एलिमेंट, क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप, गिअर आणि पुढच्या आखातील दाते हे ते भाग होत. यांना पर्याय नसतो. लेथवर घडविलेला गिअर योग्य पोलाद व उष्णताप्रक्रिया नसल्यास फार दिवस टिकत नाही आणि आपल्याबरोबर शेजारच्या गिअरचेही नुकसान करतो. यंत्राची खरी परीक्षा या दुसऱ्या वर्गावर होते.

इसार देण्यापूर्वीची परीक्षा

यंत्राच्या पाटीवरील नमुना, चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक प्रथम वहीत उतरून घ्यावेत. त्यांवरून हेड गॅस्केट, क्लच प्लेट, डिझेल पंपाचा एलिमेंट, हायड्रॉलिक पंपाचा सील-संच आणि पुढच्या चाकाच्या हबचे ऑइल सील या पाच भागांची किंमत व मिळण्यास लागणारे दिवस दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून लेखी घ्यावेत. पाचही भाग आठवड्याच्या आत मिळण्यासारखे असतील तर पुढील बोलणी करावीत. "मागवून देऊ" एवढेच उत्तर मिळत असेल आणि दिवस व किंमत कोणी सांगत नसेल, तर ते यंत्र सोडून द्यावे.

अवजारांची जुळणीही याच वेळी पाहावी. सर्वसामान्य लहान अवजारे पहिल्या श्रेणीच्या जोडणीची असतात. त्यांच्या खालच्या पिना सुमारे २२ मिलिमीटर व वरची पिन १९ मिलिमीटर जाडीची असते. काही अगदी लहान ट्रॅक्टरांची जोडणी याहून बारीक, सुमारे १६ मिलिमीटर पिनांची असते. तसेच मागील फिरत्या दांड्यास सहा खाचा, ३५ मिलिमीटर व्यास आणि मिनिटास ५४० फेरे हे प्रचलित प्रमाण आहे. जपानी यंत्रांत या दांड्यास अनेक गती असतात. चुकीच्या गतीवर रोटाव्हेटर चालविल्यास तो मोडतो.

यंत्राची पाहणी

इंजिन थंड असताना पाहणीस जावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास थंड होईपर्यंत थांबावे. इंजिन तापल्यावरही धूर निळा राहिला तर तेल जळत आहे व पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. काळा धूर हवेची जाळी तुंबल्याचे किंवा नोझल बिघडल्याचे लक्षण आहे. तापल्यानंतरही पांढरा धूर येत असेल तर डिझेल नीट जळत नाही अथवा पाणी आत शिरत आहे, अशी शंका घ्यावी. इंजिनचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे.

अवजार उचलून इंजिन बंद करावे व ते किती वेळात खाली येते ते पाहावे. थोड्याच मिनिटांत अवजार जमिनीस टेकले तर हायड्रॉलिकचे सील गेले आहेत.

चिखलणीत वापरलेल्या चारचाकी चालनाच्या यंत्राचा पुढचा आख विशेष लक्षपूर्वक तपासावा. चिखल व पाणी हबच्या सीलमधून आत शिरते आणि बेअरिंग व दाते खाते. आखाच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे तेल काढून पाहावे. ते मातकट असल्यास दुरुस्तीचा खर्च किंमतीतून वजा करावा. पुढच्या व मागच्या टायरांची मापे मूळचीच आहेत ना, हेही पाहावे. दोहोंच्या फिरण्याचे प्रमाण गिअरमध्ये ठरलेले असते. भलत्या मापाचे टायर बसविले की तो ताण गिअरवर पडून ते तुटतात.

कागदपत्रे

नोंदणी पुस्तिकेतील चॅसिस व इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. पुस्तिकेत बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. तलासरी तालुका गुजरातच्या सीमेला लागून असल्यामुळे उंबरगाव-वलसाडकडील यंत्रे येथे सहज विक्रीस येतात. अशा वेळी तेथील परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. ते न घेता आणलेले यंत्र येथे नावावर होत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या बाबतीत अडचण येते.

हिशेबाची रीत

पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. समजा, भाग जवळ मिळणारे यंत्र २,७०,००० रुपयांस व भाग न मिळणारे १,९०,००० रुपयांस मिळते. दुसऱ्या यंत्रात ८०,००० रुपये वाचल्यासारखे दिसतात. ऐन चिखलणीत ते बारा दिवस बंद पडले. स्वतःच्या तीन एकरांसाठी तासास १,००० रुपयांप्रमाणे नऊ तासांचे भाडे ९,००० रुपये झाले. दिवसास पाच तासांचे शेजाऱ्यांचे काम बुडाले. डिझेल व चालकाचे तासास ३०० रुपये वजा जाता तेथे ४२,००० रुपयांचे उत्पन्न गेले. बाहेरून मागविलेल्या भागास १८,००० रुपये पडले. एकूण नुकसान ६९,००० रुपये होते. म्हणजे पहिल्याच हंगामात बचतीतले ११,००० रुपये उरले, आणि यंत्र तर पुढेही चालवावयाचे आहे.

यात पिकाचे नुकसान धरलेले नाही. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावणी व्हावी लागते. रोप राबात जून झाले तर त्यास फुटवे कमी येतात. पाऊस आणि रोप या दोहोंपैकी एकही सुट्या भागाची वाट पाहत नाही.

खरेदीनंतर

पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच, डिझेल व तेलाच्या जाळ्या, एक पट्टा, एक नोझल आणि पुढच्या हबच्या सीलची जोडी घरात आणून ठेवावी. बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, तारीख व यंत्राचे तास एका वहीत लिहावेत. पुढच्या वेळी हीच वही दुकानदाराला दाखवावयाची असते.

एका पाड्यावर किंवा गावात चार यंत्रे यावयाची असतील तर ती चार कंपन्यांची असण्यापेक्षा एकाच नमुन्याची असणे फायद्याचे आहे. सुट्या भागांचा साठा चौघांत मिळून ठेवता येतो, स्थानिक कारागिराचा हात त्या यंत्रावर बसतो आणि विक्रेत्यालाही त्या नमुन्याचे भाग ठेवणे परवडते. गावपातळीवरील कृषि-कार्यकर्त्यांनी आपल्या भागात कोणत्या नमुन्याचे किती ट्रॅक्टर चालू आहेत व त्यांचे भाग कोठे मिळतात याची यादी तयार ठेवल्यास नव्या खरेदीदारास तिचा मोठा आधार होईल. यंत्राची निवड व देखभाल यांविषयी शंका असल्यास गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्रात विचारणा करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ सालापासून केंद्र शासनाची कृषि-यंत्रांची संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरांची चाचणी होते. आपल्या नमुन्याचा चाचणी-अहवाल उपलब्ध असल्यास तो विक्रेत्याकडून मागून पाहावा.

वापरलेले यंत्र घेणे हा कमीपणा नाही. नीट पारखून घेतलेले यंत्र अनेक वर्षे उत्तम सेवा देते. इसाराची रक्कम हातात असेतोवर खरेदीदाराचे पारडे जड असते. सुट्या भागांची चौकशी करण्याची वेळ तीच होय.