पंखावरची इस्त्री

इस्त्री म्हटली की आमच्यासारख्या मास्तर माणसाला सदऱ्याची कॉलर आठवते. गेल्या मे महिन्यात मात्र सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी ती विमानाच्या पंखावर फिरली.

चिरंजीवांनी सुटीभर खपून चार फुटी पंख जुळवला होता. लाकूड बाल्साचे, हे झाड दक्षिण अमेरिकेकडचे, आणि त्याच्या लाकडाचे वजन हाताला जवळजवळ कळतच नाही. कण्यावर ओळीने नाजूक फासळ्या. त्यांवर चढवायची पॉलिएस्टरची फिल्म. तिच्या पाठीचा डिंक साधारणतः १०० ते १२० अंश सेल्सियसला चिकटतो आणि १५० च्या आसपास फिल्म आपली आपणच आकसून तबल्याच्या पुडीसारखी ताठ होते. (फिल्मगणिक हे आकडे थोडे बदलतात, इस्त्री आधी एखाद्या तुकड्यावर अजमावावी हे बरे.) आधी खालची बाजू, मग वरची, आधी कडा, मग मधला भाग.

वरच्या बाजूला एक सुरकुती राहिली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा, आता खालून."

"एवढी एक घालवतो," म्हणून मी इस्त्री तेथेच घोळवीत राहिलो. सुरकुती गेली. पण टोकाकडून पाहिले तर पंख पिळवटलेला! असले विमान उडाले की एका कुशीवर कलायचे. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

फिल्म हे पंखाचे नुसते वस्त्र आहे अशी माझी समजूत होती. वस्तुतः तिचा ताण फासळ्यांना जखडून ठेवतो. तो असमान झाला की तीच त्यांना मुरगळते. ही विद्या जुनीच. हडपसरचे ग्लायडिंग सेंटर पुणेकरांना परिचित आहे. १९६१ साली प्रथम उडालेले 'रोहिणी' हे भारतीय बनावटीचे ग्लायडरही लाकूड-कापडाचेच. अशा कापडावर 'डोप' नावाचे लुकण देत, आणि वाळताना ते कापड ताणून धरी. इस्त्रीचे काम तेव्हा लुकण करीत असे, इतकेच.

उपाय होता. पंख उलट दिशेला किंचित जास्तच मुरगळून धरायचा आणि दोन्ही बाजू पुन्हा तापवायच्या. त्याला चार हात लागतात. मुलाने पंख धरला आणि इस्त्री माझ्याच हाती दिली. मी वरून फिरवली, खालून फिरवली, तो "पुरे" म्हणाला तेव्हा थांबलो. निवेपर्यंत त्याने पकड सोडली नाही. मग एक डोळा मिटून त्याने पंखाच्या कडेवरून नजर टाकली.

"अजून केसभर आहे, बाबा."

मी इस्त्री पुन्हा तापत ठेवली.