डोंगरउताराचा ससा

भिवंडी म्हटले की आधी यंत्रमाग आठवतात, मग गोदामे. पण याच तालुक्याच्या वायव्येला तुंगारेश्वरची रांग आहे, दुगाडजवळ गुमताऱ्याचा डोंगर आहे आणि ईशान्येला, शहापूरच्या हद्दीत, ८५८ मीटर उंचीचा माहुली आहे. या डोंगरांच्या पायथ्याशी गवताळ उतार, करवंदाच्या जाळ्या आणि वरकस जमिनींचा पट्टा पसरलेला आहे. आपला रानससा राहतो तो मुख्यतः या पट्ट्यात. बिबट्यावर भरभरून लिहिले गेले, सशावर फार थोडे. म्हणून त्याच्या घराचा हा आढावा.

मानेवरच्या काळ्या डागामुळे ओळखू येणारा आपला ससा शास्त्रात ‘लेपस नायग्रिकॉलिस’ या नावाने नोंदलेला आहे. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा युरोपी बिळकरी जातीचा. आपला रानससा त्याच्याहून वेगळा. तो बीळ खोदत नाही. गवत दाबून अंगापुरता खळगा करतो आणि दिवसभर त्यात निश्चल बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, कारण त्यांना जमिनीखालचा आसरा मिळणार नसतो. बिळाविना जगणाऱ्या या प्राण्याला जमिनीवरचे झुडूप आणि गवत हेच घर.

दिवस आणि रात्र अशा त्याच्या दोन वेगळ्या गरजा आहेत. दिवसा सावली आणि आडोसा हवा: करवंद, घाणेरी, उंच गवताचे पुंजके. सांज झाली की चरायला मोकळी जागा हवी, कारण शत्रू लांबून दिसला तरच पळून सुटता येते. मागचे पाय लांब असल्याने चढावर त्याचा वेग चांगला राहतो, तेव्हा उतार त्याच्या फायद्याचा. आडोसा आणि चराई जिथे एकमेकांना लागून असतात, तिथे ससा टिकतो. घनदाट झाडीत सावलीमुळे गवत कमी, तर उघड्या माळावर लपायला जागा नाही. या दोहोंच्या मधली कड हीच त्याची खरी जमीन.

ऋतूंबरोबर या कडेचा उपयोगही बदलतो. पावसाळ्यात खाचरांत पाणी असते, पण उतारावर निचरा होतो आणि कोवळे गवत मुबलक मिळते. भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात आणि ओलीवर वाल, हरभरा उगवतो. मग उतारावरचा ससा रात्री खाली येऊ शकतो. चैत्र-वैशाखात गवत वाळते. तेव्हा पाने, कोंब आणि साल यांवर भागवावे लागते. निकस चाऱ्यातूनही सत्त्व मिळावे म्हणून तो आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. पचनाची ही सोय त्याला कोरड्या महिन्यांत तारते.

दूरच्या डोंगरांतही सूत्र हेच दिसते. स्कॉटलंडचा पहाडी ससा हीदरच्या झुडपांत राहतो. तिथे जुने, उंच हीदर त्याला लपायला लागते आणि कोवळे हीदर खायला. हिवाळ्यात पांढरा होणाऱ्या या सशाला तिथे मार्च २०२१पासून कायद्याचे संरक्षण आहे. लडाख-तिबेटच्या पठारांवरचा लोकरी ससा जवळपास वृक्षहीन उंचीवर खडकांचा आणि खुरट्या झुडपांचा आडोसा घेतो. हवामान वेगळे, वनस्पती वेगळ्या, पण गरजांची जोडी तीच.

ससा निशाचर असल्याने त्याची मोजदाद अवघड असते. लेंड्यांचे ढीग ठरावीक चौकटीत मोजणे आणि पायवाटेवर कॅमेरा लावणे या त्यासाठीच्या दोन सोप्या रीती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ ते १९२३ या काळात देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली होती. अशा पाहण्यांमुळे ससा कुठे आहे हे आपण जाणतो. आता तो उताराचा कोणता तुकडा कधी वापरतो, हे गावोगावच्या महाविद्यालयीन मुलांनी नोंदवायला हवे.

कोल्हा, रानमांजर, अजगर, गरुड, घुबड, बिबट्या या सगळ्यांचे ससा भक्ष्य आहे. माणसानेही वाघर लावून आणि कुत्री सोडून त्याची शिकार केली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता ही शिकार गुन्हा आहे. वस्तीची मोकाट कुत्री मात्र कायदा जाणत नाहीत. रस्ते आणि वस्ती जिथवर पोहोचतात, तिथवर त्यांचीही धाव पोहोचते.

सर्वांत मोठा घाव जमिनीवर पडतो आहे. तानसा अभयारण्य १९७०चे आणि तुंगारेश्वर २००३चे. दोन्हींनी प्रामुख्याने जंगल राखले. पायथ्याचे गवत आणि वरकस बहुतांशी या रेषांबाहेर पडते. कागदावर ते ‘पडीक’ ठरते, आणि सपाटीकरण, भराव, गोदाम हे त्याचे पुढचे टप्पे होतात. जून २०२५मध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यात, आमणे येथे संपतो. त्यामुळे या जमिनीवरचा ताण वाढणारच. उरलेल्या उतारांवर कधी वणवा लावला जातो, तर कधी चांगल्या हेतूनेच दाट झाडे लावून गवत दडपले जाते.

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या आहेत. गवताळ उतारांची गावनिहाय नोंद व्हावी. गवत एका वेळी सरसकट न कापता पट्ट्यापट्ट्याने कापावे, म्हणजे आडोसा शिल्लक राहील. वणवा रोखावा, करवंदाच्या जाळ्या राखाव्यात आणि गवताळ माळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणू नयेत. गोदामांना परवानगी देताना डोंगराच्या पायथ्याचा एक पट्टा मोकळा सोडण्याची अट असावी. या पट्ट्यावर ससा जगतो आणि त्याच्यावर पोसणारे कोल्हा, रानमांजर, घुबडही जगतात. ही जमीन पडीक नाही. तिच्यावर कुणाचे तरी घर आहे, हे भिवंडीच्या विकास आराखड्यात लिहिले गेले पाहिजे.