सुयांनी मनाचा आजार बरा होतो काय?

गेल्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपल्यावर एका उपासिकेने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, माझा मुलगा सहा महिन्यांपासून कोणाशी धड बोलत नाही. कॉलेज सुटले. जेवण नाही, झोप नाही. सुरतला सुया टोचून असे आजार बरे करतात म्हणे. घेऊन जाऊ का?" मी डॉक्टर नाही, बँकेतला लिपिक आहे. परंतु कागद पाहिल्याशिवाय सही करू नये, ही आमच्या नोकरीची पहिली शिकवण. म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणकार डॉक्टरांना विचारले. त्याचे सार समाजबांधवांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

नैराश्य हा आजार आहे

दुःख सर्वांना होते. नोकरी गेली, पीक बुडाले, जवळचे माणूस गेले तर मन खचतेच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, कशातही गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, 'मी कोणाच्याच कामाचा नाही' असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी लक्षणे एकत्र दिसू लागली तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो आळस नव्हे, नाटक नव्हे आणि कोणी केलेली करणीही नव्हे. थायरॉईडच्या विकारात किंवा रक्त कमी झाल्यावरही माणूस असाच गळून जातो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. म्हणून आधी रक्ततपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

ॲक्युपंक्चर म्हणजे काय?

ही चीनमधील दोन हजार वर्षांहून जुनी उपचारपद्धती होय. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, ती अडली की आजार होतो आणि योग्य बिंदूवर सुई टोचली की ती मोकळी होते, असे तिचे मूळ शास्त्र सांगते. असे १४ मार्ग व त्यांवरील ३६१ बिंदू मानले जातात. नैराश्यासाठी डोक्याच्या टाळूवरील व दोन भुवयांमधील बिंदू विशेषकरून वापरतात. सुई केसासारखी बारीक असते, तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. साधारण वीस-तीस मिनिटे ती तशीच ठेवतात. काही ठिकाणी सुयांना अगदी सौम्य वीजप्रवाहही देतात.

'ची'चे मार्ग शरीररचनाशास्त्राला आढळलेले नाहीत. मात्र सुई टोचल्यावर मज्जातंतू उद्दीपित होतात आणि वेदना कमी करणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात, असे प्रयोगांतून दिसले आहे.

महाराष्ट्राशी असलेले नाते

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकातले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी डॉ. कोटणीस यांचे चीनमध्येच निधन झाले. ते शल्यविशारद होते, ॲक्युपंक्चर त्यांनी आणले नाही. ते काम त्यांचे पथकातील सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बी. के. बसू यांनी केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन तिचा भारतात प्रसार केला.

महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या पद्धतीचे नियमन केले. त्यानुसार ॲक्युपंक्चर परिषद आहे व उपचार करणाऱ्याची तेथे नोंदणी असावी लागते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. परंतु मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक आजारावरचा गुण सिद्ध झाला, असे नव्हे.

संशोधन काय सांगते?

इंग्लंडमध्ये नैराश्याच्या ७५५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर ॲक्युपंक्चर दिले, काहींना समुपदेशन, तर काहींना केवळ नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनंतर पहिल्या दोन्ही गटांतील रुग्णांना तिसऱ्या गटापेक्षा अधिक बरे वाटत होते. मात्र सुया आणि समुपदेशन यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे आपुलकीने ऐकून घेणारे माणूस मिळाले तरी तितकाच लाभ झाला!

२०१८ मध्ये ६४ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे सात हजार रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला. काहीच उपचार न घेण्यापेक्षा ॲक्युपंक्चरने लक्षणे मध्यम प्रमाणात कमी झाली. पण खऱ्या सुयांची तुलना नुसत्या टोचल्यासारख्या भासणाऱ्या खोट्या सुयांशी केली, तेव्हा फरक थोडाच उरला. शिवाय पुरावा फारसा भक्कम नाही, असे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले आहे.

थोडक्यात, ॲक्युपंक्चर ही थोतांडाची गोष्ट नाही, पण तो रामबाण उपायही नाही. डॉक्टरांच्या उपचाराला जोड म्हणून ते घेता येईल. त्या उपचाराच्या जागी घेऊ नये.

एक घरचा अनुभव

हे मी इतके ठासून का लिहितो, त्याला कारण आहे. माझ्या नात्यातील एका गृहस्थांना मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी चांगला उतार पडला होता. पुढे ते बाहेरगावी एकाकडे सुया घेऊ लागले. "गोळ्यांची सवय लागते, आता बंद करा," असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी एकदम बंद केल्या. दोन महिन्यांत अन्न सुटले. एका रात्री ते कोणालाही न सांगता घराबाहेर पडले. गल्लीतल्या मुलांनी शोधून आणले म्हणून ते आज आपल्यात आहेत. दोष सुईचा नव्हता. गोळ्या बंद करायला लावणाऱ्याचा होता, आणि न विचारता गप्प बसलेल्या आम्हा नातेवाइकांचाही होता.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करायच्या असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कराव्यात.

काय करावे?

आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करावी. मानसिक आरोग्याचा उपचार सरकारी व्यवस्थेतून मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, मोफत सल्ला मिळतो. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मरणाची भाषा ऐकू आली तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुया घ्यायच्या असतील तर नोंदणी विचारावी. सुई निर्जंतुक, नवी व आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, कारण वापरलेल्या सुईने कावीळ ब सारखे आजार पसरतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास, किंवा गरोदरपण असल्यास आधी सांगावे. आणि जो गोळ्या सोडा म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

तथागतांचा मार्ग

विषारी बाण लागलेला माणूस, 'बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही,' असे म्हणत बसला तर तो मरून जाईल, असा दृष्टांत भगवान बुद्धांनी दिला आहे. आपल्या घरांतूनही 'कोणी काय केले, लोक काय म्हणतील' यातच महिने निघून जातात आणि बाण तसाच रुतून राहतो. तो आधी काढला पाहिजे. आणि कशाने काढायचा, हे ठरविताना केसपुत्तच्या कालामांना दिलेला उपदेश आठवावा : ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून मानू नका, पारखून घ्या. हा नियम भगताच्या अंगाऱ्याला लागू आहे, तसाच सुईलाही आणि गोळीलाही.

त्या उपासिकेला मी एवढेच सांगितले, "ताई, सुरतचे नंतर पाहू, आधी नंदुरबारला जाऊ." आम्ही मुलाला घेऊन एस.टी.ने गेलो. उपचार सुरू झाले. त्याने यंदा परीक्षेचा फॉर्म भरला आहे आणि रविवारी तो आईबरोबर वंदनेला येतो.

जय भीम! नमो बुद्धाय!