चिखलातला निरोप

व्हर्माँट राज्यातील कॉव्हेन्ट्री या छोट्या गावी १४ आणि १५ ऑगस्ट २००४ रोजी 'फिश' या अमेरिकन रॉक बँडने आपल्या निरोपाच्या मैफली सादर केल्या. मुसळधार पावसाने विमानतळाचे मैदान चिखलाने भरून गेले होते. 'वाहने आत घेता येणार नाहीत, परत फिरा' असे आवाहन बँडचा बासवादक माईक गॉर्डन याला रेडिओवरून करावे लागले. तरीही हजारो रसिक महामार्गाच्या कडेला गाड्या सोडून कित्येक मैल चालत मैदानात पोहोचले.

एवढे वेड कशापायी, हे समजण्यासाठी या बँडची रीत पाहावी लागते. १९८३ मध्ये व्हर्माँट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या 'फिश'मध्ये गाणे हे केवळ निमित्त असते. ठरलेली चाल संपली, की चौघे वादक एकमेकांचे ऐकत अनोळखी वाटेने निघतात. आपल्याकडे बंदिशीनंतर राग खुलत जातो, त्याच्याशी याचे थोडे नाते आहे. मात्र येथे रागाची चौकट नाही आणि विस्ताराची जबाबदारी एका गायकावर नसून चौघांवर सारखीच असते. त्यासाठी त्यांनी 'ऐकण्याचा' स्वतंत्र रियाझ केला होता. एकाने सुरावट छेडायची, इतरांनी तिला उत्तर द्यायचे आणि सर्वांना परस्परांचे ऐकू येते आहे याची खात्री पटली की पुढे जायचे. श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा असल्याने प्रत्येक रात्रीची तुलना होते. कोणतीही रात्र दुसरीसारखी नसते.

हीच रीत कॉव्हेन्ट्रीत उलटली. उत्स्फूर्त वादनाला एकाग्र मन लागते आणि त्या दिवशी मन कोणाचेच थाऱ्यावर नव्हते. गिटारवादक ट्रे अॅनास्टासिओ तेव्हा व्यसनाच्या विळख्यात होता, हे त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितले. पाठ असलेल्या रचनाही विस्कटल्या. १५ ऑगस्टला 'वेडिंग इन द व्हेल्व्हेट सी' गाताना कीबोर्डवादक पेज मॅकॉनेल याला रडू कोसळले, शब्द घशातच अडकले. वादनाच्या निकषावर ही बँडची सर्वात दुबळी मैफल, असे अनेक चाहते मानतात आणि ते खोटे नाही. पण त्या मोडलेल्या ओळींतही चौघे एकमेकांचे ऐकतच होते. फक्त ऐकू येत होते ते दुःख.

डिसेंबर २००६ मध्ये अॅनास्टासिओला अटक झाली. न्यायालयाच्या देखरेखीखालील उपचारांतून तो व्यसनमुक्त झाला आणि पुढे २०२३ मध्ये व्हर्माँटमध्येच लडलो येथे त्याच्या पुढाकाराने व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याआधीच, ६ मार्च २००९ रोजी व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे 'फिश' पुन्हा एकत्र आला होता. त्या रात्रीची सुरुवात 'फ्लफहेड'ने झाली. अनेक भागांची, अतिशय अवघड आणि २००० नंतर मैफलीत एकदाही न वाजलेली ही रचना चौघांनी त्या रात्री पूर्ण वाजवली.