घराच्या किल्लीआधी डिपॉझिट

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही त्यासाठी किमान मर्यादा आहे. तिला ‘निसाब’ म्हणतात. तेवढी किंवा त्याहून अधिक संपत्ती वर्षभर हाती राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंना देणे बंधनकारक असते. लाखामागे अडीच हजार रुपये. या पैशांतून धान्याची किट जातात, ईदचे कपडे जातात, औषधपाण्याला मदत होते. एक गरज मात्र बऱ्याचदा यादीत येतच नाही. ती म्हणजे भाड्याच्या घराचे डिपॉझिट.

रत्नागिरीत ही गरज शोधायला लांब जावे लागत नाही. मिरकरवाडा बंदरावर हंगामात काम भरपूर असते. पण 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद राहते. दोन महिने बोट किनाऱ्यावर असते, घरभाडे मात्र थांबत नाही. बोटीवरचे खलाशी, आंब्याच्या बागांत राखणीला असणारे नेपाळी कामगार, धुणीभांडी करून मुले शिकवणाऱ्या विधवा अशा अनेकांना दरमहाचे भाडे कसेबसे जमते. जमत नाही ती एकरकमी रक्कम. समजा, घराचे भाडे चार हजार आणि डिपॉझिट वीस हजार आहे. चार हजार देऊ शकणारे कुटुंबही त्या वीस हजारांपाशी अडते आणि गळक्या, कोंदट खोलीतच आणखी एक पावसाळा काढते.

केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे म्हटले आहे. मात्र तो नमुना आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे.

विजेचेही तसेच. नवीन जोडणी घेताना सुरक्षा ठेव भरावी लागते. वापर वाढला की वाढीव ठेवीचे वेगळे बिल येते. अनेकांना ते चुकून आलेले बिल वाटते. ही ठेव ग्राहकाचीच असते. वीज कायदा 2003 च्या कलम 47 नुसार तिच्यावर व्याज मिळते आणि जोडणी बंद केल्यावर थकबाकी वजा करून ती परत मिळते. पण आधी भरायला पैसे लागतातच. हा अडथळा सरकारनेही ओळखला आहे. मे 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या अनामतीचा भार सरकारने उचलला. तेवढी एक रक्कम बाजूला झाली आणि चुलीच्या धुरातून अनेक घरे सुटली.

कुरआनच्या सूरह तौबामध्ये (आयत 60) जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. डिपॉझिटसाठी सावकाराकडून पैसे उचललेले कुटुंब याच रांगेत येते. मात्र इथे एक प्रश्न आधीच सोडवायला हवा. घर सोडताना मालक डिपॉझिट परत करील, तेव्हा ते पैसे कोणाचे?

जकात दिली की ती घेणाऱ्याच्या मालकीची होते. म्हणून जकातीतून भरलेले डिपॉझिट परत आले, तर ते त्या कुटुंबाचेच. देणाऱ्याला किंवा संस्थेला त्यावर हक्क सांगता येत नाही. तोच पैसा पुन्हा दुसऱ्याच्या कामी यावा, असे वाटत असेल, तर रस्ता वेगळा आहे. तो म्हणजे कर्ज-ए-हसना, बिनव्याजी उसनवारी. त्यासाठी जकात नव्हे, तर सदका किंवा ऐच्छिक देणगीचा वेगळा निधी ठेवावा लागतो. देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून गरजूंना बिनव्याजी कर्ज देत आला आहे. ही कल्पना नवीन नाही. डिपॉझिटसाठी तर ती फारच सोयीची आहे, कारण हा पैसा खर्च होत नाही, घरमालकाकडे ठेवलेला असतो. तरीही एखाद्याला परतफेड जमली नाही, तर त्याला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, असे सूरह बकरामध्ये (आयत 280) सांगितले आहे.

जकात सर्वसाधारणपणे मुस्लिम गरजूंसाठी मानली जाते. सदक्याला मात्र धर्माची अट नाही. शेजारच्या कोणत्याही घराला तो देता येतो.

इ. स. 622 मध्ये मक्केहून मदिनेला आलेल्या मुहाजिरांकडे घरे नव्हती. मदिनेच्या अन्सारांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. सअद बिन रबीअ यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. आधार मिळाला की माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो.

रत्नागिरीत आठ जणांनी आपली अडीच-अडीच हजारांची जकात एकत्र केली, तर एका घराचे डिपॉझिट होते. मोहल्ल्याच्या जमातीने ईदपूर्वी अशी दोन-तीन कुटुंबे शांतपणे शोधावीत, त्यांची नावे मिंबरवरून पुकारू नयेत. भाडेकरार कुटुंबाच्याच नावे असावा, डिपॉझिटची पावतीही त्यांच्याच हाती असावी. पैसा जकातीचा की उसना, हे देतानाच स्पष्ट सांगावे. जून उजाडण्याआधी कोरड्या छपराखाली गेलेल्या कुटुंबाला त्या ईदची आठवण कपड्यांपेक्षा जास्त काळ राहील.