शहरांची पाहणी : गोखले संस्थेचा वारसा आणि बुलढाणा जिल्हा

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे नाव शेतीच्या अर्थकारणाशी अधिक जोडले गेले असले, तरी भारतीय शहरांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घालण्यातही तिचा वाटा मोठा आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये ही संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९९३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९३६-३७ मध्ये संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. सर्व घरांऐवजी ठरावीक रीतीने निवडलेल्या कुटुंबांकडे जाऊन संपूर्ण शहराविषयी अनुमान काढणे, म्हणजेच नमुना पाहणी, ही पद्धत तेव्हा भारतात नवी होती. या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये, तर दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान संस्थेचे संशोधक ना. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची पाहणी केली, १९५६ मध्ये पुण्याच्या फेरपाहणीचा ग्रंथ निघाला आणि पुढे सोलापूरचाही अभ्यास झाला. एकाच शहराकडे काही वर्षांनी पुन्हा वळल्यामुळे तेथील रोजगार आणि मिळकत कोणत्या दिशेने बदलत आहे, हे पडताळता आले.

या अनुभवाच्या बळावर सोवनी यांनी १९६४ मध्ये ‘अतिनागरीकरण’ या तेव्हा प्रचलित असलेल्या कल्पनेची चिकित्सा केली. उद्योगांतील रोजगाराच्या मानाने शहरांत राहणाऱ्यांचे प्रमाण अधिक असणे, असा या कल्पनेचा अर्थ होता. परंतु हे प्रमाण किती असावे, याचा कोणताही सर्वमान्य निकष नाही, हे त्यांनी दाखवून दिले. संशोधन अभ्यासकांपुरते राहू नये यासाठी संस्थेने १९३७ पासून काळे स्मृती व्याख्यानमाला चालवली आणि पाहण्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने वाचकांसमोर ठेवले.

नमुना पाहणीची ही रीत मोठ्या शहरांसाठी घडली असली, तरी तिची खरी गरज आज बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात जाणवते. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे चार-पंचमांश लोकसंख्या खेड्यांत राहते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा आणि शेगाव, तसेच जलंब येथून १८७० मध्ये निघालेल्या फाट्याने जोडले गेलेले खामगाव, या गावांच्या वाढीला रेल्वेचे बळ मिळाले. वऱ्हाडच्या कापसाच्या व्यापाराने खामगावला पेठेचे महत्त्व आले, तर शेगावची अर्थव्यवस्था गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांभोवती फिरते. घाटावरची बुलढाणा, चिखली आणि मेहकर ही गावे मात्र रेल्वेविना, रस्त्यांच्या आधारे आणि प्रामुख्याने प्रशासन, शिक्षण व बाजार यांच्या बळावर वाढली.

एकाच जिल्ह्यातील गावे अशी निरनिराळ्या कारणांनी वाढत असताना केवळ लोकसंख्येच्या आकड्याने त्यांचे स्वरूप उमगत नाही. जनगणनेत नगरपालिका अथवा नगरपंचायत असलेले ठिकाण शहर मानले जाते. त्याखेरीज किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि किमान तीन-चतुर्थांश पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेरील व्यवसायांत असणे, हे तीनही निकष पूर्ण करणारे गावही शहरांत मोजले जाते. परंतु एकाच घरातील एक भाऊ शेती करतो आणि दुसरा दुकान चालवतो, तेव्हा ते कुटुंब ग्रामीण की नागरी, हा प्रश्न या निकषांनी सुटत नाही. त्यासाठी कुटुंब हेच मोजमापाचे एकक धरावे लागते, आणि गोखले संस्थेच्या पाहण्यांनी हाच मार्ग घालून दिला आहे.

बुलढाणा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी याच गावांत राहतात. त्यांच्या हाती नमुना पाहणीची शिस्त आली आणि ती दर काही वर्षांनी पुन्हा राबवली गेली, तर पाणीपुरवठा, घरे आणि रोजगार यांविषयीचे नगरपालिकांचे निर्णय अंदाजाऐवजी माहितीवर उभे राहू शकतील.